गंजलेली जुनी मोटार : अखंड विकावी की सुटी करून?

इमारतीच्या पुनर्विकासाचा करार होतो, जागा रिकामी करण्याची तारीख ठरते आणि आवाराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मोटारीचा विषय घरात निघतो. आजोबांनी घेतलेली फियाट. ती शेवटची कधी चालली, हे कोणालाच नीट आठवत नाही. चाकांतील हवा केव्हाच गेलेली, खालचा पत्रा गंजाने खाल्लेला, गाद्यांत उंदरांनी घर केलेले. भंगारवाला एक आकडा सांगतो. गॅरेजवाला 'सुटी केली तर तिप्पट येतील' म्हणतो. एखादा शौकीन मात्र 'आहे तशीच द्या, मी उभी करतो' असे सांगून जातो. अशा वेळी ऐकावे कोणाचे?

मुंबई-पुण्यापासून कोल्हापूर-नागपूरपर्यंत अनेक कुटुंबांपुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो. भावनेचा भाग बाजूला ठेवला तरी निर्णय सोपा नाही, कारण तो एकाच दिशेने जाणारा आहे. अखंड गाडी पुढे केव्हाही सुटी करता येते. सुटी केलेली गाडी पुन्हा अखंड होत नाही. त्यामुळे पाना हाती घेण्याआधी चार गोष्टींची शहानिशा आवश्यक ठरते : गाडी नेमकी कोणती आहे, गंज कोठवर पोहोचला आहे, कागदपत्रांची स्थिती काय आहे आणि सुट्या भागांना खरोखर गिऱ्हाईक आहे काय.

कुर्ल्याची फियाट

महाराष्ट्रात घराघरांतील जुनी गाडी म्हटले की बहुधा डोळ्यांपुढे येते ती मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट. उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन झाली. आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी करणाऱ्या या कारखान्याने पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य केले आणि १९५० च्या दशकात 'फियाट ११००' भारतीय रस्त्यांवर आली. पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणाऱ्या या गोलसर गाडीला लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले, ते आजही कायम आहे. १९६४ पासून 'डिलाइट' हे मॉडेल आले. १९७० च्या दशकाच्या आरंभी फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी अल्पकाळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि नंतर 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठीची २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी शहरातून निवृत्त झाली.

हा इतिहास किमतीशी थेट निगडित आहे. डिलाइटपासून पद्मिनीपर्यंत १०८९ सीसी क्षमतेचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर आणि सांगाड्याची मूळ रचना तीन दशकांहून अधिक काळ जवळपास तशीच राहिली. त्यामुळे यातील बरेचसे यांत्रिक भाग एका गाडीचे दुसरीला चालतात. हजारो टॅक्सी मोडीत निघाल्याने असे भाग बाजारात मुबलकही आहेत. पद्मिनीचा गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल विकला जातो, पण त्याला फार मोठा भाव येत नाही, तो त्यामुळेच.

डुक्कर फियाट किंवा सुरुवातीची डिलाइट यांचे गणित वेगळे आहे. त्यांची पुढची जाळी, क्रोमच्या पट्ट्या, नावाच्या पाट्या, घड्याळांची पाटी, दिव्यांच्या काचा हे भाग विशिष्ट वर्षांपुरतेच बनले. ते आता सहजी मिळत नाहीत. अशा गाडीचा एकेक भाग मोलाचा असतो, आणि नेमक्या त्याच कारणाने ते सर्व भाग जागेवर असलेली अखंड गाडी त्याहून अधिक मोलाची असते. म्हणून पहिले काम म्हणजे नोंदणी पुस्तिकेवरील उत्पादनाचे वर्ष, मॉडेल, इंजिन क्रमांक आणि चॅसिस क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहणे. ते जुळत असतील तर गाडीचे मूल्य त्याच क्षणी एक पायरी वर चढते.

गंज नेमका कोठे?

लोखंडाचा ऑक्सिजन आणि पाण्याशी संयोग होऊन गंज तयार होतो. हवेत मीठ असेल तर ही क्रिया वेगाने होते. कोकण किनारपट्टीवर आणि मुंबईत उभ्या राहिलेल्या गाड्या देशावरील गाड्यांपेक्षा लवकर सडतात, त्याचे कारण हेच. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने तो रंगाला आतून फुगवतो. बाहेर दिसणारा लहानसा फोड म्हणूनच आतल्या मोठ्या नुकसानीची खूण असू शकतो.

फियाटच्या बाबतीत एक गोष्ट निर्णायक आहे. ट्रक किंवा जुन्या जीपप्रमाणे या गाडीला स्वतंत्र जाड चौकट नाही. जीपची चौकट शाबूत असेल तर वरचा सांगाडा बदलता येतो. फियाटमध्ये फरशीचा पत्रा, दरवाज्यांखालचे पोकळ पाट, खांब आणि छप्पर एकमेकांना वेल्डिंगने जोडून जो एकसंध सांगाडा तयार होतो, तोच सर्व भार वाहतो. अॅम्बेसिडरची रचनाही याच प्रकारची आहे. साहजिकच या गाड्यांमध्ये सर्व गंज सारखा मानता येत नाही.

तपासणीच्या सोयीसाठी गंजाचे तीन स्तर मानता येतील. पहिला वरवरचा : रंग उडालेला, पत्रा तांबूस झालेला, पण ठोकल्यावर टणक आवाज देणारा. तो घासून काढता येतो. दुसरा सुट्या होणाऱ्या भागांतील : दरवाज्याची खालची कड, बॉनेट, डिकीचे झाकण. येथे भोके पडली असली तरी दरवाजा किंवा झाकण बदलता येते. तिसरा सांगाड्यातील : दरवाज्यांखालचे पाट, खांबांचा पायथा, जॅक लावण्याच्या जागा आणि मागचे पाटे जेथे सांगाड्याला टांगलेले असतात ते आधार. हा तिसरा गंजच 'अखंड की सुटी' याचा निकाल लावतो.

त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. पायपुसणी आणि गालिचे उचलून फरशी उघडी करावी आणि जाड स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा दाबून पाहावा. चांगला पत्रा दाद देत नाही, सडलेला पापडासारखा मोडतो. रंगकामात पुट्टी भरून भोके बुजवली असल्याचा संशय असेल तर फडक्यात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे चुंबक पकड सोडते, तेथे खाली लोखंड नसून पुट्टी आहे असे समजावे. काचांच्या रबराखाली, बॅटरीच्या तबकाखाली आणि डिकीत जादा चाक ठेवण्याच्या जागी पाणी साचते. तेथे आवर्जून पाहावे.

शेवटची चाचणी दरवाज्यांची. चारही दरवाजे सहज उघडतात-मिटतात काय आणि त्यांच्या कडेच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत काय, हे पाहावे. एका बाजूने जॅक लावल्यावर दरवाजा अडकू लागला किंवा फट बदलली तर सांगाड्याची ताकद गेली आहे, असा त्याचा अर्थ होतो. सडलेल्या गाडीखाली केवळ जॅकच्या भरवशावर जाणे जीवावर बेतू शकते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

याउलट बंद पडलेल्या इंजिनाची धास्ती बहुधा अनाठायी असते. अनेक वर्षे उभ्या गाडीचे इंजिन जाम होते. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग ते हाताने सावकाश फिरवून पाहावे, ही जुन्या मेकॅनिकांची रीत आहे. बॅटरी लावून थेट स्टार्टर मारल्यास मात्र उरलेसुरले इंजिनही बिघडण्याची शक्यता असते. इंजिन दुरुस्त करता येते, दुसरे मिळूही शकते. सांगाड्याचे तसे नाही. म्हणून खरेदीदार बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली वाकून पाहत असेल, तर तो जाणकार आहे असे समजण्यास हरकत नाही.

कागद हरवला तर किंमत हरवली

अखंड गाडीची किंमत जितकी पत्र्यात, तितकीच नोंदणी पुस्तिकेत असते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी नमुना क्रमांक २५ मध्ये अर्ज करावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या बदलानुसार २० वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये झाले असून, महाराष्ट्रात पर्यावरण कर त्याव्यतिरिक्त भरावा लागतो. चालत नसलेल्या गाडीची तपासणी उत्तीर्ण होणे अर्थातच अशक्य. त्यामुळे 'आधी नूतनीकरण करून मग विकू' हा बेत गंजलेल्या गाडीच्या बाबतीत क्वचितच परवडतो.

दुसरी अडचण वारशाची. पुस्तिकेवर आजोबांचे नाव असते आणि त्यांच्या निधनाला काही दशके उलटलेली असतात. अशा वेळी वारसाने नमुना क्रमांक ३१ मध्ये अर्ज करून गाडी प्रथम स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. नियमाने हा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत अपेक्षित आहे. विलंब झाला असला तरी मृत्यूचा दाखला आणि अन्य वारसांची लेखी संमती जमवल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. भावंडांपैकी एकाची संमती नसताना झालेली विक्री पुढे वादाला कारण ठरते.

गाडी विकल्यावर हस्तांतर होईपर्यंत विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका प्रकरणात स्पष्ट केले, की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. म्हणून 'गाडी भंगारच आहे, कागदांचे काय' ही वृत्ती धोक्याची आहे. अखंड विक्री असेल तर नमुना क्रमांक २९ आणि ३० भरून, त्यांच्या प्रती व खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवणे हिताचे.

आणखी एक धोका जुन्या गाड्यांच्या बाजारात हमखास भेटतो. एखादा इसम गाडीत फारसा रस न दाखवता नोंदणी पुस्तिका आणि चॅसिस क्रमांकाचा तुकडा मात्र चांगल्या भावाने मागतो. अशा कागदांचा उपयोग दुसऱ्याच गाडीला, प्रसंगी चोरीच्या गाडीला, नवी ओळख देण्यासाठी होऊ शकतो. असा व्यवहार कितीही आकर्षक वाटला तरी त्याला ठाम नकार देणे हेच शहाणपणाचे.

पन्नाशीची अट

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. संग्राहकांच्या परिभाषेत व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातील गाड्या. परंतु या नियमांपुरती व्याख्या वेगळी आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन, जर ते मूळ स्वरूपात जतन केलेले असेल आणि त्याच्या चॅसिसमध्ये, सांगाड्यात वा इंजिनात मोठा बदल झालेला नसेल, तर ते या वर्गात येऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते. फेरनोंदणीला पाच हजार रुपये पडतात. नव्याने नोंदणी होणाऱ्या अशा वाहनाच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात, तर आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. प्रदर्शने, रॅली, संशोधन, तसेच इंधन भरणे व देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

गंजलेल्या फियाटच्या मालकाला या तरतुदीत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. डुक्कर फियाट आणि १९६० च्या दशकातील डिलाइट यांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली. १९७४ मध्ये नोंदलेल्या पद्मिनीही २०२४ साली या टप्प्यावर पोहोचल्या आणि त्यानंतरच्या एकेका वर्षाच्या गाड्या क्रमाने येत आहेत. ज्या गाडीला पन्नाशी गाठण्यास वर्ष-दोन वर्षेच उरली आहेत, ती घाईने मोडण्यापूर्वी कॅलेंडर पाहावे. दुसरी गोष्ट मूळ स्वरूपाच्या अटीची. सांगाडा इतका सडला असेल की तो मोठ्या प्रमाणावर कापून नव्याने घडवावा लागेल, तर गाडी या वर्गात बसण्याबाबतच शंका निर्माण होते. म्हणजे वय आणि पत्रा या दोन्ही बाजू जुळल्या, तरच या तरतुदीचा लाभ अखंड गाडीच्या किमतीत धरता येतो.

सुट्या भागांचे गणित

सुट्या भागांचा मोह यादीपासून सुरू होतो. इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर, डायनॅमो, रेडिएटर, बंपर, जाळी, काचा, हँडल, चाके अशी यादी करून प्रत्येकापुढे भाव लिहिला, की बेरीज अखंड गाडीच्या किमतीहून सहज मोठी दिसते. प्रत्यक्षात मात्र या बेरजेतील मोठा भाग हाती पडत नाही.

कारण सरळ आहे. चांगले भाग पहिल्या काही आठवड्यांत जातात. शाबूत क्रोम, न तडकलेली पुढची काच, चालू स्थितीतील घड्याळांची पाटी यांना गिऱ्हाईक लगेच मिळते. त्यानंतर उरतात ती जड, सामान्य आणि मळकट सामग्री आणि एक उघडाबोडका सांगाडा, ज्याला आता कोणीही अखंड गाडी म्हणून घेणार नाही. जागा अडून राहते, शेजारी तक्रार करतात आणि शेवटी हा उर्वरित माल भंगाराच्या भावाने जातो. शिवाय सुटे करण्याची मजुरी, साठवणुकीची जागा, पाठवणीचा खर्च आणि मालकाचा वेळ यांचा हिशेब यादीत कोठेच नसतो. कुर्ला येथील सीएसटी रस्त्यावर, मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने आहेत. तथापि दुकानदार पुढे विकण्यासाठी घेतो. त्याचा खरेदीभाव आणि दुकानातील विक्रीभाव यांत मोठे अंतर असणे स्वाभाविक आहे.

म्हणून मालकाने तीन आकडे वेगवेगळे मांडावेत. पहिला तळाचा, म्हणजे निव्वळ धातूचा. पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो असते. काच, रबर, गाद्या वगळून ७०० किलो धातू धरला आणि उदाहरणादाखल किलोला २५ रुपये भाव मानला, तर हा आकडा १७ हजार ५०० रुपये होतो. प्रत्यक्ष भाव त्या दिवशीच्या बाजारावर अवलंबून राहील. दुसरा आकडा सुट्या भागांचा. यात केवळ ज्या भागांना प्रत्यक्ष विचारणा झाली आहे तेच धरावेत आणि त्यातून मजुरी व वाहतूक वजा करावी. उरलेल्या सामानाला तळाचाच भाव लावावा. तिसरा आकडा अखंड गाडीचा, म्हणजे निदान दोन-तीन स्वतंत्र खरेदीदारांनी गाडी पाहून सांगितलेला.

दुसरा आकडा तिसऱ्यापेक्षा थोडाच अधिक असेल तर सुटी करण्याचा उपद्व्याप करू नये. तो दुपटीहून अधिक असेल, सांगाडा सडलेला असेल आणि मॉडेल दुर्मीळ नसेल, तरच सुटी करणे योग्य म्हणता येईल. यातील 'आणि' हा शब्द महत्त्वाचा. तिन्ही अटी एकत्र पूर्ण झाल्या पाहिजेत.

अखंड विकताना

अखंड विकायचे ठरले तर गाडी धुवावी, पण रंगवू नये. गंजावर रंग मारून किंवा भोकांत पुट्टी भरून आणलेली गाडी अनुभवी ग्राहकाच्या नजरेतून सुटत नाही, आणि एकदा संशय आला की उरलेल्या चांगल्या पत्र्यावरही त्याचा विश्वास बसत नाही. जुन्या वाहनांच्या जतनासंबंधी 'फिवा' या १९६६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये 'ट्युरिन सनद' संमत केली. गाडीचा मूळ ऐवज शक्य तितका राखावा, हे तिचे प्रमुख सूत्र आहे. जाणते संग्राहक याच नजरेने पाहतात. त्यांना फिकट झालेला मूळ रंग स्वस्तातल्या नव्या रंगापेक्षा प्रिय असतो.

विक्रीपूर्वी घरातील कपाटे, माळे आणि गॅरेजचे कोपरे धुंडाळावेत. मूळ चाव्या, अवजारांची पिशवी, मालकाची माहितीपुस्तिका, खरेदीची पावती, जुने विमापत्र, काढून ठेवलेली एखादी चाकाची टोपी, इतकेच काय पण गाडीसमोर काढलेले कुटुंबाचे जुने छायाचित्रदेखील गाडीच्या इतिहासाचा पुरावा ठरते. गाडीखालच्या पत्र्याची, क्रमांकांची आणि दोषांची छायाचित्रे ग्राहकाला आधीच दाखवावीत. दोष आधी सांगितले की नंतरची घासाघीस कमी होते.

खरेदीदार बाहेरच्या राज्यातील असेल तर ना-हरकत प्रमाणपत्रासाठी नमुना क्रमांक २८ लागतो. दिल्ली परिसरात हरित लवादाच्या आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांचा प्रश्न बिकट झाला. महाराष्ट्रात खाजगी मोटारींवर केवळ वयामुळे अशी सरसकट बंदी नाही. त्यामुळे राज्यातीलच ग्राहक शोधणे बहुधा सोयीचे ठरते.

अखंड विक्रीचा एक मधला मार्गही आहे. ज्याच्याकडे त्याच मॉडेलची गाडी दुरुस्तीत आहे, अशा व्यक्तीला ती पूर्ण गाडीच 'सुट्या भागांसाठी' विकावी. मालकाची दगदग वाचते, एकच व्यवहार होतो आणि लहानसहान भागही वाया जात नाहीत. सामान्य पद्मिनीच्या बाबतीत हाच मार्ग अनेकदा सर्वांत व्यवहार्य ठरतो. मात्र येथेही हस्तांतर किंवा नोंदणी रद्द करणे यांपैकी एक गोष्ट कागदावर झालीच पाहिजे.

सुटी करायची ठरल्यास

गाडी सुटी करणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती कायमची निकामी करणे होय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार असे झाल्यास मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवून नोंदणी पुस्तिका परत करावयाची असते. सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांचे नियम लागू झाले. त्यापुढे जाऊन, १ एप्रिल २०२५ पासून अमलात आलेल्या आयुर्मान संपलेल्या वाहनांच्या नियमांनी वैध नोंदणी नसलेले वाहनही या व्याख्येत आणले असून, असे वाहन १८० दिवसांत अधिकृत केंद्रात जमा करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. तेव्हा नोंदणी संपलेली गाडी वर्षानुवर्षे तशीच ठेवणे हा आता निर्धोक पर्याय राहिलेला नाही.

यासाठी योग्य क्रम असा : आधी अधिकृत केंद्राशी बोलून गाडी कोणत्या स्थितीत स्वीकारली जाईल, इंजिनासह कोणते भाग जागेवर असणे आवश्यक आहे आणि वजनाचा भाव काय मिळेल, हे लेखी घ्यावे. त्यानंतरच क्रोम, काचा, दिवे, आतील सजावट यांसारखे मोजके मागणीचे भाग काढून विकावेत. उर्वरित गाडी चॅसिस क्रमांकासह केंद्रात जमा करावी. केंद्राकडून जमा-प्रमाणपत्र आणि वाहन मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र मिळते. जमा-प्रमाणपत्राच्या आधारे नवी खाजगी गाडी घेताना मोटार वाहन करात कमाल २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. घरात नवी गाडी घेण्याचा बेत असेल तर ही सवलत भंगाराच्या रकमेपेक्षा मोठी ठरू शकते, म्हणून ती हिशेबात धरावी.

प्रत्यक्ष काम करताना प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. काचा सर्वांत आधी, रबर कापून काढाव्यात. रबर वाचवण्याच्या नादात काच तडकते आणि जुने रबर बहुधा निरुपयोगीच असते. उजवा-डावा अशा जोडीच्या वस्तू एकत्र विकाव्यात. नट-बोल्ट पिशव्यांत घालून त्यावर चिठ्ठी लावावी. टाकीतील जुने पेट्रोल काढण्यापूर्वी वेल्डिंग वा गॅस कटर जवळ आणू नये. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते; ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये. काळे तेल गटारात सोडू नये आणि बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडेच परत द्यावी. विकलेल्या प्रत्येक मोठ्या भागाची पावती करून तिच्यावर गाडीचा क्रमांक नोंदवावा. माल चोरीचा नाही, याचा पुढे लागणारा पुरावा तोच असतो.

निर्णय तारखेआधी

गाडी मोडीत काढणे म्हणजे आठवणींचा अव्हेर, अशी बोच अनेक घरांत असते. सांगाडा खरोखरच गेलेला असेल तर ती मनाला लावून घेण्याचे कारण नाही. आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक चालती फियाट दुसऱ्या कोणत्या तरी फियाटच्या भागांवर जगत असते. एखाद्या घरातील गाडीचे दरवाजे आणि दिवे दुसऱ्या घरातील गाडीला आणखी काही वर्षे देऊ शकतात. पण जी गाडी स्वतःच उभी राहू शकली असती, ती केवळ घाईमुळे तुकड्या-तुकड्यांनी गेली तर ते नुकसान पैशांपुरते राहत नाही. डुक्कर फियाटसारखी गाडी पुन्हा बनणार नाही.

घाई होते ती बहुधा शेवटच्या आठवड्यात. जागा सोडण्याची तारीख तोंडावर आली, की गाडी दारात प्रथम येणाऱ्याला मिळेल त्या भावाने जाते, आणि तिचे पुढे काय झाले हे कोणालाही ठाऊक नसते. वारसाचे कागद, केंद्राकडील चौकशी आणि दोन-तीन खरेदीदारांची भेट यांसाठी काही महिने हाती असणे आवश्यक आहे. ताडपत्री उचलून पाहण्याची वेळ म्हणूनच पुनर्विकासाची पहिली बैठक झाल्याबरोबर येते.

चौकट : पाना लावण्यापूर्वी

– नोंदणी पुस्तिकेवरील क्रमांक गाडीवरील इंजिन व चॅसिस क्रमांकांशी जुळतात काय, ते पाहावे.
– पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झाली आहेत किंवा लवकरच होणार आहेत काय, हे तपासावे.
– पाट, खांबांचा पायथा आणि मागच्या पाट्यांचे आधार शाबूत असतील तर गाडी अखंड विकण्याचाच प्रयत्न करावा.
– पुस्तिकेवर दिवंगत व्यक्तीचे नाव असल्यास आधी वारसाच्या नावावर हस्तांतर करावे आणि सर्व वारसांची संमती लेखी घ्यावी.
– धातूचा, सुट्या भागांचा आणि अखंड गाडीचा असे तीन आकडे स्वतंत्र मांडावेत.
– केवळ कागद किंवा चॅसिस क्रमांक मागणाऱ्याशी व्यवहार करू नये.
– हस्तांतर अथवा नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा हाती येईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे समजू नये.